नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

बारशाला जमलेल्या बायका बाळाचं नाव ठेवतात, आणि घुगऱ्या घेऊन घरी परतताना वाटेत बाळाच्या आजीला नावं ठेवतात. पुरुष मंडळींनी हसण्याचं कारण नाही. देवळाच्या पारावर, एसटीच्या थांब्यावर, दूध डेअरीच्या ओट्यावर त्यांचंही बारसं रोज चालूच असतं.

आपल्या भाषेची ही गंमत पाहा. शब्द तेच दोन, नाव आणि ठेवणे. एकवचनात ते मंगल कार्य होतं आणि अनेकवचनात निंदा. एक नाव मिळालं की माणूस ओळखू येतो. सतरा नावं ठेवली की त्याचा मूळ चेहराच झाकला जातो. ही गोष्ट व्याकरणाच्या पुस्तकात सापडणार नाही, पण मराठी बोलणारं सहा वर्षांचं पोरही यात चुकत नाही.

ज्याला दुसऱ्याचं उणं तेवढं दिसतं आणि ते बोलून दाखवल्यावाचून चैन पडत नाही, अशा माणसाला आपण काय काय म्हणतो, याविषयी आज बोलायचं आहे. शब्द पुष्कळ आहेत. पण त्यांचे अर्थ एक नाहीत, आणि एकाच्या जागी दुसरा वापरला तर कधी कधी नुकसान होतं. असं एक नुकसान माझ्या हातून झालेलं आहे. ते पुढे सांगेनच.

पुष्कळसे शब्द आपल्या शरीरावरच बसलेले आहेत. नाक मुरडणे घ्या. घाण वास आला की नाक आपोआप आकसतं. नाक मुरडणाऱ्याला मात्र वास यावा लागत नाही. ताट समोर येण्याआधीच त्याचं नाक तयार असतं. बोटांची गोष्ट याहून बारीक आहे. बोट दाखवणे म्हणजे दोष कुणाचा ते सांगणे. बोटं मोडणे म्हणजे काही करता येत नाही म्हणून मागे उभं राहून शिव्याशाप देणे. आणि बोट ठेवणे? 'त्यांनी नेमक्या चुकीवर बोट ठेवलं' असं आपण म्हणतो तेव्हा त्या माणसाविषयी आदर असतो. बोटं तीच, पण पहिलं माणसाकडे रोखलेलं असतं आणि तिसरं चुकीवर टेकलेलं.

शिक्षक बंधुभगिनींनी इथे थोडं थांबावं. वही तपासताना आपण बोट दाखवतो की ठेवतो? मी पाचवीत असताना माझ्या निबंधाची वही परत आली ती पानभर लाल शाईनं माखून. ऱ्हस्वदीर्घ, विरामचिन्हं, समासाची रेघ, अक्षराचं वळण, सगळंच लाल. त्यातली नेमकी कुठली चूक आधी सुधारायची ते काही केल्या कळेना. पुढल्या वर्षी दुसरे गुरुजी आले. ते दर खेपेला एकाच प्रकारच्या चुकीखाली रेघ ओढत आणि तोंडी म्हणत, "या महिन्यात एवढंच." सहा महिन्यांत माझं शुद्धलेखन सुधारलं. पहिले गुरुजी कमी जाणते होते असं मी म्हणणार नाही. कदाचित जास्तच जाणते असतील.

आता शेतात जाऊ. खुसपट काढणे हा शब्द आपण सगळेच वापरतो. खुसपट किंवा कुसपट म्हणजे काडीकचऱ्याचा बारकासा तुकडा. धान्याच्या पोत्यात हात घालून कोणी नेमकी काडी वर काढून दाखवावी, तसं चांगल्या चाललेल्या गोष्टीतून बारीकशी उणीव उकरून काढणं म्हणजे खुसपट काढणं. हा शब्द ज्याने घडवला त्याने दोषाचं मापही शब्दातच घालून ठेवलं आहे. पोतंभर किडकं धान्य निघालं तर त्याला खुसपट म्हणत नाहीत. दोष काडीएवढा असून बोभाटा पोत्याएवढा झाला, तरच हा शब्द शोभतो.

कुसळ त्याचंच भावंड. गवत कापताना धोतराला, लुगड्याच्या काठाला चिकटून घरापर्यंत येतं ते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं पण आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. येशू ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनात हाच दाखला आहे, आणि मराठी बायबलात त्याला कुसळ आणि मुसळ हेच शब्द वापरलेले आहेत. डोळ्यात मुसळ मावेल कसं, असं वर्गात एखादा मुलगा विचारतोच. त्याला गप्प करू नये. न मावणारी वस्तू डोळ्यात असूनही कळत नाही, यातच तर म्हणीची सगळी मजा आहे. समर्थ रामदासांनीही दासबोधाच्या दुसऱ्या दशकात, पढतमूर्खाची लक्षणं सांगताना, जो दोष आपण दुसऱ्याला लावतो तोच आपल्या ठायी आहे हे ज्याला उमगत नाही त्याची गणना केली आहे. ध्यानात घ्या, त्यांनी त्याला साध्या मूर्खांत धरलं नाही, शिकलेल्या मूर्खांत धरलं. उणं काढायला थोडीफार विद्या लागतेच.

स्वयंपाकघरातला दाखला सूप आणि चाळण यांचा. सुपानं पाखडलं की फोलपट उडून जातं आणि दाणा उरतो. चाळणीनं चाळलं की पीठ खाली जातं आणि कोंडा वर उरतो. म्हणून एका संस्कृत सुभाषितात सज्जनाला सुपाची आणि दुर्जनाला चाळणीची उपमा दिलेली आहे. सज्जन गुण ठेवतो, दुर्जन दोष ठेवतो. शाळेत हे शिकून मी घरी आईला ऐटीत सांगितलं. ती पीठच चाळत होती. म्हणाली, "चाळणीची यात काय चूक रे? खाली परात धरलीय का नाही ते बघावं." सुभाषितकाराला कोणी परात दाखवली नसावी.

खोड या शब्दात तर अर्थाचं जाळंच आहे. झाडाचं ते खोड, माणसाची ती खोड. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ती सवयीची खोड. लहान मूल खोडी काढतं आणि मोठा माणूस खोड काढतो. एका वेलांटीचा फरक, पण पहिल्यात खेळ आहे आणि दुसऱ्यात खोट दाखवण्याची हौस. उणीदुणी काढणे, उखाळ्यापाखाळ्या काढणे हेही 'काढणे'वालेच. त्यात निदान दोन्ही बाजूंनी माप पडतं, म्हणजे तू माझी काढ, मी तुझी काढतो. वाभाडे काढणे त्याहून वाईट. तिथे माणूस चारचौघांत फाडलाच जातो. शब्दाचा कीस काढणे किंवा काथ्याकूट करणे मात्र मी या यादीत घेत नाही. ती वाद घालण्याची हौस आहे. तिच्यात वेळ जातो, माणूस दुखावतोच असं नाही.

तोंडावर न बोलता लागेल असं बोलणं, हा आपल्याकडचा आणखी एक जुना प्रकार. लेकी बोले सुने लागे. या म्हणीतली सासू लेकीला रागावते, पण बोलणं सुनेनं उचलायचं असतं. असं बोलणाऱ्याला आपण खवचट म्हणतो, फारच झालं तर कुजकट. कुजकट हा शब्द कुजण्यावरून आला. राग वेळच्या वेळी बाहेर पडला असता तर नासला नसता. आत राहिला, कुजला, आणि आता बोलण्याला त्याचा वास येतो. शब्द ओंगळ आहे खरा, पण नेमका आहे.

याच्या अगदी उलट तऱ्हेचे शब्द म्हणजे आवाजाचे. किरकिर, कुरकुर, पिरपिर, भुणभुण, कटकट. यांतल्या एकाचाही अर्थ सांगावा लागत नाही. कानाला ऐकू येतो. पण हे शब्द वापरताना आपली मोठी गफलत होते. किरकिऱ्या किंवा कुरकुऱ्या माणसाला आपण दोष काढणारा समजतो, आणि तो बहुधा तक्रार करणारा असतो. तान्हं मूल किरकिर करू लागलं तर आई आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहते. बैलगाडीचं चाक कुरकुरू लागलं तर गाडीवान चाकाला शिव्या देत बसत नाही, वंगण घालतो. माणूस कुरकुरला की मात्र आपण त्याच्या कपाळाला हात लावत नाही आणि वंगणाचं नाव काढत नाही. 'तो कुरकुऱ्याच आहे' म्हणून मोकळे होतो.

संस्कृतातून आलेले शब्द सभेत आणि छापात अधिक दिसतात. छिद्रान्वेषी म्हणजे छिद्रं शोधत फिरणारा. यातलं अन्वेषण पोलिसांच्या गुन्हे अन्वेषण विभागात आहे तेच. फरक एवढाच की पोलिसांना शोध घ्यायला आधी गुन्हा घडावा लागतो. दोषैकदृष्टी म्हणजे ज्याची नजर एकट्या दोषावरच पडते असा. अमरकोशात दोषैकदृक् या शब्दाला पुरोभागी असा दुसरा शब्द दिला आहे, तो आता पार विसरला गेला. विघ्नसंतोषी मात्र गावागावांत चालतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तर प्रत्येक पॅनेलच्या मते दुसऱ्या पॅनेलमध्ये तेच भरलेले असतात.

या सगळ्या संस्कृत शब्दांत मला मोलाचा वाटतो तो असूया. आपण तो मत्सर या अर्थानं सरसहा वापरतो. अमरकोशानं मात्र त्याचा अर्थ फार रेखीव सांगितला आहे. दुसऱ्याच्या गुणांतसुद्धा दोष पाहणे, ती असूया. म्हणजे शेजाऱ्यानं विहिरीवरचं पाणी गावाला मोफत दिलं, तर 'निवडणूक जवळ आली वाटतं' असं आपल्या मनात उमटतं, ते. आणि ही असूया जिच्यात नाही ती अनसूया. अत्रि ऋषींची पत्नी, दत्तात्रेयांची आई. माहूरला दत्तशिखराबरोबर अनसूयेचंही शिखर आहे, हे तिथे जाऊन आलेल्यांना ठाऊक आहे. आपल्या खेड्यांतून अनसूया, अनुसया, अनसाबाई नावाच्या कितीतरी आज्या झाल्या. त्यांतल्या बहुतेकींना आपल्या नावाचा हा अर्थ कोणी सांगितला नसेल. नाव ठेवताना आईबापांनी जणू 'ही कुणाला नावं ठेवणार नाही' असंच ठेवलं होतं. माझी एक चुलतआजी याच नावाची होती. नावाप्रमाणे ती होती का, हे मी सांगत नाही. घरातले लोक अजून वाचतात.

फारसीतून आपल्याकडे आलेल्या 'खोर' या शेपटीचाही उल्लेख केला पाहिजे. मूळ अर्थ खाणारा. लाचखोर लाच खातो हे ठीकच, पण चहाडखोर, चुगलखोर, कुटाळखोर यांचाही जणू तोच आहार. इतर कुठे पोट न भरणारी माणसं कुटाळकीवर कशी पुष्ट होतात, ते ज्याने त्याने आपापल्या गल्लीत पाहावं.

इथवर निंदेचे शब्द झाले. आता दुसऱ्या बाजूला या. बारकाईनं पाहणाऱ्याला, नीट पारखून घेणाऱ्याला, न पटलेलं न पटलं म्हणून सांगणाऱ्याला काय म्हणावं? त्यालाही आपल्याकडे चांगले शब्द आहेत, पण ते हळूहळू घसरत चालले आहेत, आणि मला काळजी वाटते ती याचीच.

टीका हा शब्द पाहा. ज्ञानेश्वरीला आपण गीतेवरची टीका म्हणतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवाशाला ती सांगितली गेली. त्या टीकेत गीतेचे दोष काढलेले आहेत का? मुळीच नाही. टीका म्हणजे अर्थ उलगडून दाखवणे, अवघड ते सोपं करणे. आज वर्तमानपत्रात 'टीका केली' असं वाचलं की कुणीतरी कुणाला तरी बोल लावले एवढंच आपण समजतो. उलगडणं गेलं, बोल उरले.

चिकित्सक हा दुसरा शब्द. संस्कृतात चिकित्सा म्हणजे रोग्यावर उपचार. हिंदीत आजही चिकित्सालय म्हणजे दवाखाना, आणि आपल्याकडेही जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयाच्या प्रमुखाला जिल्हा शल्यचिकित्सक म्हणतात. रोजच्या मराठीत मात्र चिकित्सक म्हणजे खोलात जाऊन तपासणारा. वैद्य नाडी पाहतो ती रोग्याला नावं ठेवण्यासाठी नव्हे, त्याला बरं करण्यासाठी. हा अर्थ शब्दाच्या पोटात अजून आहे. पण 'फार चिकित्सक हो तो!' हे वाक्य आपण हल्ली कोणत्या सुरात म्हणतो, ते आठवून पाहा.

चोखंदळचंही तसंच. आठवडी बाजारात एखादी बाई वांगी एकेक उलटून, देठ पाहून, कीड नाही ना याची खात्री करून घेते. कुंभाराकडचं मडकं वाजवून घेते. घरचे तिला चोखंदळ म्हणतात. विकणारा तिला किरकिरी म्हणतो. बाई तीच, वांगी तीच. कोणता शब्द निघतो ते बोलणारा टोपलीच्या अलीकडे बसला आहे की पलीकडे उभा आहे यावर ठरतं. म्हणून कुणी तुम्हांला येऊन सांगितलं की अमका मोठा खुसपटं काढणारा आहे, तर विचारावं, "तुम्ही काय विकायला बसला होता?"

आता माझी गोष्ट. मी शिक्षक होतो त्या गावात शाळेच्या दोन नव्या खोल्या बांधून होत होत्या. ग्रामसभा भरली. ग्रामसेवक त्या दिवशी नव्हते, आणि माझं अक्षर बरं म्हणून इतिवृत्त लिहायला सरपंचांनी मला बसवलं. खोल्यांच्या कामाचा विषय निघाला. सगळे माना डोलावत होते. तेवढ्यात मागून एक म्हातारे गवंडी उठले. आयुष्य दगडविटांत गेलेलं. गावात त्यांची ख्याती अशी की हा माणूस कशालाच चांगलं म्हणत नाही. देवळाच्या कळसालासुद्धा त्यांनी कलता म्हटलं होतं. ते म्हणाले, "सलापला पानी किती दिस मारलं? चार दिस. मी रोज बघत होतो. वाफे करून निदान सात दिस तुंबवून ठेवाया पायजे होतं. ह्यो चिरणार."

सभेत हशा झाला. कोणी म्हणालं, "बाबा, तुम्ही खुसपटच काढा." मीही हसलो, आणि वहीत लिहिलं, 'एका ग्रामस्थाने किरकोळ हरकत घेतली. विषय मंजूर.'

पहिल्याच पावसाळ्यात वर्गात पाणी गळू लागलं. वरच्या बाजूला केसासारख्या भेगा पडल्या होत्या. मुलांना आम्ही एका भिंतीकडे सरकवलं, हजेरीपट भिजले, नकाशाचा रंग उतरला. पंचायतीनं काम करणाऱ्याला जाब विचारायचं ठरवलं. तो म्हणाला, पाणी पंधरा दिवस मारलेलं आहे, कुणाची तक्रार असेल तर दाखवा. तेव्हा सगळ्यांना त्या सभेची आठवण झाली. वही काढली. वहीत काय होतं? 'किरकोळ हरकत.' हरकत कशाची, किती दिवसांची, कोणाची, काहीच नाही. त्या माणसानं सांगितलेले चार दिवस मी दोन शब्दांत पुसून टाकले होते, आणि तेही चांगल्या अक्षरात. पुढे वर्गणी काढून खोल्यांवर पत्रे टाकावे लागले.

म्हाताऱ्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही, आणि त्याचंच जास्त वाटलं. देवळाचा कळस कलता आहे की नाही ते मला माहीत नाही. बहुधा नसावा. कशालाच चांगलं न म्हणण्याची खोड त्यांना होतीच. पण खोड असलेल्या माणसाचं म्हणणंही खरं असू शकतं. हे ओळखायचं तर माणसाला शब्द चिकटवण्याआधी त्यानं बोट कशावर ठेवलंय ते पाहावं लागतं. मी बोटाकडे पाहिलंच नव्हतं.

राज्यघटनेच्या ७३व्या दुरुस्तीनं १९९३ पासून ग्रामसभेला घटनेतच जागा मिळाली आहे. तिथे गावाचा जमाखर्च वाचला जातो, कामं ठरतात. तिथे उठून प्रश्न विचारणारी माणसं प्रत्येक गावात दोन-चारच असतात, आणि त्यांना आपण बहुधा याच शब्दांनी खाली बसवतो. विघ्नसंतोषी, खुसपट्या, कुरकुऱ्या. वर्गात 'असं का?' विचारणाऱ्या मुलीला दीडशहाणी म्हणून बसवतो, तशीच ही गोष्ट. शिक्षकांनी एक तास या शब्दांसाठी काढून पाहावा. मुलांना आपापल्या घरी, आपापल्या वाडीवर चालणारे असे शब्द लिहून आणायला सांगावं, आणि प्रत्येक शब्दापुढे तो कोणी कोणाला कधी लावला तेही लिहायला सांगावं. शब्दापेक्षा पुढच्या रकान्यातच अधिक मजकूर निघेल.

पुढच्या ग्रामसभेला मी पुन्हा लिहायला बसलो. म्हातारे गवंडी उठले, पाण्याच्या टाकीविषयी काहीतरी बोलले. सभेत कोणी हसलं नाही असं नाही. पण या खेपेस मी त्यांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं, मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि खाली सही करायला वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावला, पान वरपासून खालपर्यंत बोटानं वाचत आले, आणि वरच्या कोपऱ्यात बोट ठेवून म्हणाले, "गुरुजी, तारीख चुकली."

पाहिलं तर खरंच चुकली होती.